तेलाला सुतक नसतं

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. गिरणी चालू ठेवणार का, आणि जीप कुणाला देणार. गिरणीचं उत्तर सोपं होतं. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा चढवला आणि दारात डबे रांगेला लागले. गावाला पीठ लागतं. जीपचं उत्तर मात्र मी कुणालाच दिलं नाही. दवाखान्यातून आपल्या मीनलने आणून शेडमध्ये लावली होती, तशीच ती उभी होती. तुमची टोपी पुढे काचेपाशी. ती मी उचलली नाही. उचलून ठेवायची कुठे, हा प्रश्न होता.

मग खंडेनवमी जवळ आली.

बाकीच्या घरांत नवमीला गाडी धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आपल्याकडे त्याच्या आधीच्या रविवारी तेल बदलायचं. इंजिनचं नव्हे, ते तुम्ही वर्षात केव्हाही बदलायचा. हे खालचं तेल. गिअरबॉक्समधलं, त्याच्या मागे असलेल्या, चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्यातलं, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधोमध जे दोन लोखंडी गोळे आहेत, ज्यांना तुम्ही डिफ म्हणायचा, त्यांतलं. प्रत्येकाला दोन नट. एक वरच्या अंगाला, भरायचा. एक तळाला, सांडायचा. तुम्ही मिल्ट्रीतून पेन्शनवर आलात, ही जुनी जीप घेतलीत आणि पहिल्याच नवमीला म्हणालात, "आगं, जरा बॅटरीचा उजेड धर." बॅटरी धरता धरता मी पाना धरायला लागले. पुढे तुमचं पोट वाढलं आणि जीप होती तेवढीच राहिली, तेव्हापासून खाली सरपटत जायचं काम माझ्याकडे आलं; शेवटी नट आवळायला तेवढे तुम्ही स्वतः वाकायचा. तुमची जुनी हिरवी पँट घालून मी खाली, तुम्ही वर खुर्चीत, हातात चहा, आणि तोंड चालू. त्या तेलाचा सडक्या अंड्यासारखा वास चार अंघोळी केल्या तरी हाताचा जात नाही. सणाच्या पुरणाला दरवर्षी तो वास असायचा आणि दरवर्षी तुम्ही म्हणायचा, "आज पुरणाला काय चव आलीया!"

यंदा मी मीनलला फोन करून रविवारी ये म्हटलं, तर ती शिरवळहूनच वाद घालायला लागली.

"आई, यंदा आपल्याला सण नाही. पूजा नाही. मग तेल कशाला?"

"पूजा नाही. तेल आहे."

"वर्षभर काही करायचं नसतं म्हणून काकी सांगत होत्या."

"माणसांनी करायचं नसतं. तेलाला सुतक नसतं. येताना हातमोजे घेऊन ये, कारखान्यातले जाड."

ती आली. तुमच्यासारखीच कुरकुरत आली, पण आली.

नळी आणि नरसाळं शोधायला मी कडबाकुट्टीच्या मशीनमागे गेले, तर पोत्याखाली तेलाचा नवा डबा. सील न फोडलेला, नव्वद नंबरचा, ह्याच खालच्या तेलाचा. मी मनात तुम्हाला शाबासकी दिली. माणूस गेला, पण नवमीचं तेल आधीच आणून ठेवून गेला. एकच डबा का, आणि पोत्याखाली का, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. उरलेलं तेल मी इस्लामपुरातून आणलं.

तुमच्या पद्धतीनं सगळं केलं. आधी मीनलने म्हसोबापर्यंत फेरी मारून आणली, म्हणजे तेल तापून पातळ होतं. मग जीप सपाट जागेवर, चाकांना दगड. मग पहिला नियम.

हा नियम तुम्ही मिल्ट्रीत शिकला नव्हता, हे लोकांना मी आता सांगून टाकते. तो आपण दोघांनी पहिल्या वर्षी अंगणात शिकलो. तुम्हाला घाई. पुढच्या डिफचा तळाचा नट काढलात, सगळं काळं तेल घमेल्यात आलं, आणि मग भरायचा नट काही केल्या सुटेना. पान्याला पाइप लावला, पाइपावर मी उभी राहिले, नटाचे कोपरे झिजून तो गुळगुळीत झाला. दुसऱ्या दिवशी नवमी. जीप जागेवरून हलवता येईना, कारण आत थेंबभर तेल नाही. गावातल्या गाड्या हार घालून फिरत होत्या आणि आपली हार घालून अंगणात उभी, आतून कोरडी. तुमची आई विचारत होती, "ह्याची गाडी रुसली का काय?" शेवटी सण झाल्यावर वेल्डर आणून नट कापावा लागला. त्यानंतर तुम्ही नियम केलात: आधी भरायचा नट उघडायचा, मगच सांडायचा. आणि एवढ्यावर थांबला असतात तर ते तुम्ही कसले. मीनलने पहिली नोकरी सोडते म्हटलं तेव्हा, "आधी भरायचा नट उघड बाई." मी गिरणीची जुनी मोटार विकायला काढली तेव्हाही तेच. लोकांच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा तुम्ही ते बोलून बसलात आणि कुणाला काही कळलं नाही.

तर मी खाली गेले. पुढच्या डिफचा भरायचा नट नेहमीसारखाच अडून बसला होता. पाइप लावून, शिव्या घालून सोडवला. गिअरबॉक्सचाही तसाच. मग मागे सरकले, मागच्या डिफच्या भरायच्या नटाला पाना लावला, आणि तो जोर न लावताच फिरला. बोटांनी निघाला.

"मीनल, हा सैल आहे."

"मागच्या वर्षी आवळायचा राहिला असेल."

"पप्पांकडून?"

तुमच्या हातून नट आवळायचा राहील, हे आम्हा दोघींनाही पटणारं नव्हतं. एकदा तुम्ही पाण्याच्या टाकीचं झाकण एवढं आवळलंत की दोन वर्षं कुणाला ती साफ करता आली नाही. मी बॅटरी जवळ नेली. नटाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे ओरखडे होते, त्यांना गंजही चढला नव्हता.

तेल कसं बघायचं, तेही तुम्हीच शिकवलंय. काळं आलं तर गाडीचं वय झालं, त्यात काही विशेष नाही. बोटावर चांदीसारखी चमक आली तर आतले गिअर एकमेकांना खातायत. आणि पांढरं आलं तर पाणी. दरवर्षी मी तळाचा नट काढायचे आणि तुम्ही वरून विचारायचा, "रंग सांग." मी म्हणायची, काळा. तुम्ही म्हणायचा, "जयहिंद."

मी मागच्या डिफचा तळाचा नट काढला. घमेल्यात पांढरं आलं. ताकासारखं, दाट, वर पिवळसर झाक. एक धार, मग गठ्ठे.

"आई, हे काय?" मीनल वरून वाकली. "हे ताक कुठून आलं?"

"पाणी आहे. तेलात पाणी घुसळलंय."

"पाणी कसं जाईल आत?"

तेही तुम्ही सांगितलेलंच तिला सांगितलं. गाडी चालून डिफ तापतो. तापलेला गोळा एकदम गार पाण्यात बुडला की आत हवा आकसते आणि तो श्वास ओढल्यासारखं पाणी आत ओढतो. पावसाने असं होत नाही. गाडी धुऊन होत नाही. रस्त्यावरच्या डबक्यानं होत नाही. ॲक्सल बुडावा लागतो. मी पुढचंही तेल काढलं. तेही पांढरं, जरा कमी.

मी जीपखालीच पडून राहिले. मीनल उकिडवी बसली. तिचे डोळे चाकाच्या आडून मला दिसत होते.

"आई," ती म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं होतं."

हो. डॉक्टरांनी विचारलं होतं.

आता मी जे लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते क्रमाने लावून बघायचंय. मी म्हसवडची. माझ्या माहेरी पाणी टँकरने यायचं, इथं ते नदीतून उठून घरात येतं. लग्नानंतर पहिला पूर बघितला तेव्हा मी गिरणीच्या माळ्यावर जाऊन बसले आणि तुम्ही खालून हसत होता, "तुमच्या म्हसवडात तर पाणी बघायला तिकीट काढत असत्याल!" मागच्या मोठ्या पुरात पाणी गिरणीच्या पायरीला लागलं, तेव्हा मी तुमच्याकडून कबूल करून घेतलं. नदी काठ सोडून वर आली की जीप शेडबाहेर काढायची नाही. तुम्ही सिद्धनाथाची शपथ घ्यायला निघालात. मी म्हटलं, देवाला मध्ये आणू नका, मला सांगा. तुम्ही मला सांगितलंत.

यंदा श्रावणात पाणी चढलं तेव्हा मी शिरवळला मीनलकडे होते, तिची खोली बदलायची होती. शेताला पाणी उपसायची आपली मोटार मी जायच्या आधीच नदीवरून काढून आणलेली. तुमचा फोन आला, "पाणी अजून लांब हाय, तू सावकाश ये." मी आले तर तुम्ही भर पावसात जीप धूत होता. पाइप लावून, खालून सुद्धा. मी म्हटलं, पावसात गाडी धुणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला. तुम्ही म्हणालात, "मिल्ट्रीची सवय." टाचेला फडकं बांधलं होतं. उसाचा बुडखा लागला म्हणालात. मीच नीट धुऊन पट्टी बांधली.

मग गावातल्या आशाताई पुरानंतरचा ताप रोखायच्या गोळ्या घेऊन घरोघर फिरल्या. दारातच त्यांनी विचारलं, "दादा, पुराच्या पाण्यात गेलता का? गेला आसाल तर ह्या गोळ्या घ्याव्या लागतील." तुम्ही म्हणालात, "आमी न्हाई बा. आमची कारभारीण म्हसवडची. ती नदीकडं बघू बी देत न्हाई." आपण तिघंही हसलो. आशाताईंनी गोळ्यांची पट्टी परत पिशवीत ठेवली. मी त्यांना चहा दिला.

ताप आला तेव्हा दवाखान्यात तुम्हीच गाडी चालवत गेलात. "तुझं गाडी चालवणं बघून ताप वाढंल माझा." तिथेही पहिला प्रश्न तोच. पुराच्या पाण्यात उतरला होतात का? तुम्ही डॉक्टरांकडे बघितलं नाहीत. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, न्हाई. आणि मी, विचारलं नसताना, पुढं म्हटलं, "नाही डॉक्टर, यंदा आमच्यातलं कुणी नदीकडे फिरकलं नाही." माझ्या आवाजाला धार होती, ती मला आता आठवते. डोळे पिवळे झाले, लघवी थांबत आली, तेव्हा परत तपासण्या झाल्या आणि त्या तापाचं नाव कळलं. लेप्टो. उंदरांच्या मुताने खराब झालेल्या पाण्यातून येतो, जखमेतून आत शिरतो. डॉक्टर म्हणाले, पाण्यात गेले नसतील तर गोठ्यातून आला असेल.

म्हणून मी गोठा धरला. तुम्ही गेल्यावर फिनेलने धुतला, चुना मारला, गव्हाणी जाळल्या. तुमची चंद्री म्हैस विकून टाकली. ती टेम्पोत चढेना, मागे वळून ओरडत होती, तरी विकली. म्हटलं, हिच्या गोठ्याने माझा माणूस नेला. चंद्रीचा काही संबंध नव्हता. ते पाणी मला कळायच्या आत काढायला तुम्ही कडबाकुट्टीमागं डबा लपवलात, मी घरात नसताना भरायचा नट उघडून ठेवलात, आणि मग ताप आला म्हणून बोटांनी परत बसवलात. नियम पाळलात. आधी भरायचा. पुढचं राहिलं.

त्या दिवशी मीनल एकच वाक्य बोलली आणि अर्ध्यात थांबली. "तू ओरडली असतीस म्हणून पप्पांनी..."

मी म्हटलं, "नळी दे."

दोन्ही डिफ भरले. तेल भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं, मग बोट घालून बघायचं. सगळं केलं. थेंबभर सांडलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

रात्री मीनल झोपली. मी झोपले नाही, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी तुमच्याशी भांडत होते. पुराच्या पाण्यात जाऊ नका, हे सांगणं चूक नव्हतं. ते मी पुन्हा सांगेन, शंभरदा सांगेन. मी चुकले असं माझ्याकडून वदवून घ्यायचं असेल तर ते होणार नाही. तुम्ही गेलात तर गेलात. चिखल धुतलात तोही धुतलात. पण डॉक्टरांसमोर? मी चहा आणायला खाली गेले होते, चांगला अर्धा तास. तेव्हा बोलवून सांगता आलं नसतं, की डॉक्टर, गेलो होतो, घरात बोलू नका? तुम्हाला वाटलं असेल, साधा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल, कशाला घरात कटकट. हे मला समजतं. जे समजत नाही ते असं की, तुम्ही बर्फात, दरीच्या कडेने ट्रक चालवलेला माणूस, आणि माझ्या कटकटीला एवढे भ्यायलात? की ती भीती नव्हतीच, दुसरं काही होतं? मला उत्तर देणारा माणूस नाही, आणि ज्याला विचारायचं त्याचा फोटो भिंतीवर टोपी घालून हसतोय.

एक गोष्ट मात्र शोधता येण्यासारखी होती. आपली मोटार आधीच काढलेली. मग कुणाची? गावातल्या दुसऱ्या कुणासाठी गेला असतात तर मिशीला पीळ देऊन मला सांगितलं असतंत, भांडलो असतो, संपलं असतं. माझ्यापासून इतकं लपवावं असा गावात एकच माणूस आहे. तुमचा चुलतभाऊ तानाजी. ज्याने तीन वर्षांपूर्वी आपल्या शेताकडची वाट नांगरून तिच्यात ऊस लावला. त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही, हेही मीच तुमच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मीनल शिरवळला गेल्यावर मी जीप काढली आणि तिकडे गेले. तेल नवीन होतं, गिअर लोण्यासारखे पडत होते. जीपचा आवाज ऐकून तानाजी भावजी घरातून पळतच बाहेर आले. स्टिअरिंगमागे मला बघितलं आणि अंगणाच्या मधोमध थांबले. कोण येईल असं त्यांना वाटलं, ते मला विचारावं लागलं नाही.

"वैनी... या की. बसा."

"बसायला आले नाही. तुमची मोटार पुरातून कुणी काढली?"

त्यांनी खाली बघितलं. "दादानं सांगितलं व्हय तुमास्नी?"

"जीपनं सांगितलं."

ते त्यांना कळलं नाही, पण ते बोलायला लागले. तुमच्या मागे तुमच्याविषयी बोलायला त्यांना कुणी मिळालं नव्हतं. आपल्या दारात तर त्यांना कुणी बसवलंही नव्हतं. दहाव्याला ते नदीवर लांब उभे होते, ते मी बघितलं होतं.

"पाणी वाफ्यात आलं, वैनी. मी एकटाच. ट्रॅक्टरवाला यीना. मग दादाला फोन लावला. तीन वर्सांत पयला फोन. मला वाटलं उचलायचाच न्हाई. उचलला, आन मी काय बोलायच्या आदीच म्हणला, 'दोर हाय का?'"

दोर आहे का. हे तुमचंच वाक्य. त्यात कुणी भर घालू शकत नाही.

"जीप उलटी घातली पाण्यात, मागली चाकं बुडंपातूर. मी म्हणलं, दादा, आता बास. तर म्हणला, 'तू दोर बघ, गाडीचं मी बघतो.' मोटार गाळात रुतल्याली. दोनदा दोर सुटला. मग सोताच उतरला की कमरंएवढ्या पाण्यात, चपला काढून. टाचंत बुडखा घुसला, रगात आलं, तरी हसतोय गडी! मोटार वर आली तवा मला म्हणला, 'तान्या, हे वैनीला कळू देऊ नगंस. नदी एक येळ माफ करंल.'"

मला हसू आलं. खरंच आलं. त्यांनाही आलं, आणि मग त्यांनी गमछाने डोळे पुसले. मी जीपचं दार धरून उभी होते.

"आमी चांगलं भिजलो दोघं. दुसऱ्या दिशी आशाताई आल्या, त्यांनी गोळ्या दिल्या. मी घेतल्या बगा. बायको म्हणली, कशाला, धडधाकट हायसा. म्हणलं, असू दे. दादानं बी घेतल्या असतील न्हवं? तुमच्याकडं तर..."

इथं ते थांबले. बोलायला लागले तेव्हा वाक्य साधं होतं. बोलता बोलता ते जड झालं. गावात मी सगळ्यांना गोठ्याचं सांगितलं होतं. त्यांनीही तेवढंच ऐकलं असणार. आता त्यांच्या तोंडावर काहीतरी सरकायला लागलं होतं. पाणी, टाच, गोळ्या, ताप. एकेक करून जुळत होतं, जसं मला जीपखाली जुळलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी काय म्हणते त्याची वाट बघत होते.

मी तयारी करून गेले होते, तुमच्यापासून काय लपवू. मनात वाक्य घोळवत गेले होते. भावजी, तुमची मोटार वर आली आणि माझा माणूस खाली गेला. हे वाक्य रात्रभर मला बरं वाटत होतं.

"घेतल्या," मी म्हटलं. "माझ्यासमोर घेतल्या."

"घेतल्या?"

"हो. मीच पाणी दिलं."

ते तिथंच ओट्यावर बसले. मोठा श्वास सोडला. "मग बरं," म्हणाले. "मग बरं, वैनी. माज्या मनात भलतंच आलं हुतं."

का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांची दया आली म्हणावं, तर वाट नांगरलेली मी विसरले नाही. पण मी दुसरं काही म्हटलं असतं, तर तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून काढलेली ती मोटार त्या माणसाने पुन्हा कधी चालू केली नसती. मग तुम्ही गेलात कशाला? त्यांना एवढंच कळलंय की तीन वर्षांनी फोन केला आणि भाऊ आला. तेवढं त्यांच्याकडे राहू दे. उरलेलं माझ्याकडे आहे.

निघताना ते म्हणाले, "वैनी, त्या वाटंचं..."

"वाटेचं ऊस तुटल्यावर बघू," मी म्हटलं आणि गिअर टाकला.

घरी येऊन तुमची टोपी काचेपाशीच राहू दिली. जीप कुणाला देणार, ते आता ठरलंय; कुणालाच नाही. मी ती चालवते. बाजाराला नेते, गव्हाची पोती आणते, आणि गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, "बाई गाडी हाकती बघा." तुम्ही मला चालवायला शिकवलंत तेव्हा शेताच्या बांधावर जीप घातली होती मी, आणि तुम्ही खाली उतरून फक्त एवढं म्हणालात, "बांध आपलाच हाय, काय बिघडलं न्हाई." तेवढ्यासाठी मी तुम्हाला पुष्कळ माफ करू शकते. सगळं नाही. सगळं करेन असं इथं लिहिणार नाही, कारण तुम्ही वाचणार नसलात तरी मी वाचणार आहे.

मीनलला अजून तानाजी भावजींचं सांगितलेलं नाही. ती दर फोनवर विचारते, पप्पा कुणासाठी गेले होते? मी म्हणते, शोधतेय. म्हणजे आता तुमच्यासारखंच माझंही चाललंय: डबा पोत्याखाली.

तुम्ही म्हणायचा, डिफमध्ये एकदा पाणी गेलं की एकदा तेल बदलून भागत नाही. कोपऱ्यात, बेअरिंगमध्ये, दातांच्या मागे ते राहतं. थोडी गाडी चालवायची, आणि परत काढायचं. म्हणून दिवाळीच्या आधी मी एकटीच खाली गेले. आधी भरायचा नट, मग सांडायचा. हिरवी पँट, घमेलं, बॅटरी दातांत. वरून कुणी रंग विचारला नाही.

अजून पांढरं आहे. आधीएवढं नाही, पण आहे. परत भरलं, नट आवळला, तुमच्यासारखा आवळला. काही आठवडे चालवीन आणि आणखी एकदा काढीन.